मी नुसती पोच दिली होती!

...नाही, पण मला सांगा, वाचलं म्हणून अंगठा दाखवला यात माझं काय चुकलं? काय चुकलं? तुम्ही म्हणाल, ताम्हनकर, आधी बसा, पाणी घ्या. नको मला पाणी! दोन आठवडे माझ्या घशाखाली चहा नीट उतरला नाही, पाणी कुठलं उतरतंय? तुम्हाला सांगतो, माणसानं बत्तीस वर्षं सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर काढावीत, आलेल्या प्रत्येक कागदाची पोच द्यावी, मग तो कागद मंत्र्याच्या बंगल्यावरून आलेला असो नाहीतर नळाला पाणी नाही म्हणून कुरकुरणाऱ्या एखाद्या आजींचा असो, शिक्का, तारीख, सही, ही घ्या तुमची पोच, या आता... आणि निवृत्तीनंतर त्याच एका सवयीपायी माणसातून उठावं?

आता आम्ही मूळचे नारायण पेठेतले. तिथे कसं, कुणाशी भांडायचं तर जिन्यात उभं राहून भांडायचं, सगळ्यांना ऐकू येतं, संध्याकाळपर्यंत विषय संपतो. पण आमच्या तेजसची नोकरी हडपसरच्या आयटी पार्कात, रोजचा तो पुलावरचा ट्रॅफिक, म्हणून सहा वर्षांपूर्वी आम्ही सगळे इथे सोसायटीत आलो. चार विंग, एकशे साठ फ्लॅट, आणि बोलायला माणूस नाही! लिफ्टमध्ये शिरलात की सगळे आकड्यांकडे बघत उभे. मजला आला की सुटले! मग ही माणसं बोलतात कुठे? तर ग्रुपवर. फोनवर! अहो, समोरच्या दारातला माणूस, दोन पावलं टाकून बेल दाबून म्हणाला असता की काका, तुमच्या कुंडीतलं पाणी आमच्या दारात आलंय, तर मी काय खाल्लं असतं त्याला? पण नाही. आधी फोटो काढणार, मग त्या फोटोवर लाल रंगानं गोल काढणार, मग तो एकशे साठ घरांना दाखवणार, आणि खाली लिहिणार, "प्लीज टेक केअर." घ्या काळजी!

तर तेजसनं मला त्या ग्रुपवर घातलं. मी पहिलाच प्रश्न विचारला, "बाबा रे, एवढे मेसेज येतात, यांना पोच कशी द्यायची?" तो म्हणाला, "बाबा, पोच-बिच काही लागत नाही, वाचलं की आपोआप निळ्या खुणा येतात." मी म्हटलं, तो मशीनचा शेरा झाला, माणसाची सही कुठाय? तो घाईत होता, एक बूट पायात एक हातात, म्हणाला, "मग एक अंगठा टाकत जा." बस्स! वरिष्ठांचा तोंडी आदेश झाला. त्या दिवसापासून, तुम्हाला सांगतो, आलेल्या एकाही मेसेजला मी पोचेशिवाय सोडलं नाही. उद्या पाणी येणार नाही... अंगठा. लिफ्ट बंद आहे... अंगठा. बी विंगच्या शरच्चंद्र आजोबांचं पहाटे दुःखद निधन झालं... दिला अंगठा!

आमची ही शेजारी बसून घेवडा मोडत होती. तिनं चष्म्यावरून बघितलं आणि शांतपणे म्हणाली, "अहो, काय केलंत हे आपण? त्यांच्या घरचे काय म्हणतील?" मी म्हटलं, काय म्हणतील, पोचलं म्हणतील! मी नुसती पोच दिली होती हो! त्यांच्या निधनाला माझी मंजुरी थोडीच होती?

बरं, तिथे तरी शहाणं व्हावं की नाही? नाही झालो. मग गेटवर अंगठ्याचं मशीन बसवावं असा एक मेसेज आला, त्याला दिली पोच. बसवू नये असा दुसरा आला, त्यालाही दिली. दोन्ही आवक झाले, दोन्हींना पोच, यात पक्षपात कुठाय? तर आमचे सेक्रेटरी संभाजी, ते इथले मूळचे गाववाले, यांच्याच शेतावर ही सोसायटी उभी आहे, त्यांचा फोन. "काका, तुमी नक्की कुनाकडनं हाय? एकदा सांगून टाका, म्हंजी आमाला लिस्ट कराया बरं!" लिस्ट! मी म्हटलं, अहो, मी कुणाकडनंच नाही, मी टेबलावरचा माणूस! तर म्हणाले, "मग टेबलाचं बी बघू मीटिंगला."

पण हे सगळं सोडा. हे मी हसतहसत सोडलं असतं. खरा घोळ पुढेच आहे.

या एकशे साठ फ्लॅटांत मला सहा वर्षांत माणूस मिळाला एक. एकच! तीनशे दोनमधले वैजनाथराव इंगोले. वाशीमकडचे, एसटीतून निवृत्त झालेले. आमचं जमायचं काही कारण नाही, मी बोलतो तोलून मापून, आणि हे गृहस्थ बोलायला लागले की स्टँड सोडून सुटलेच! पण रोज सकाळी सातला आम्ही दोघं सोसायटीला चार चकरा मारणार, मग आमच्याकडे चहा, आणि दर गुरुवारी त्यांच्या घरून स्टीलच्या डबीत ठेचा. शालनवहिनी स्वतः लोखंडी खलबत्त्यात कुटतात. मिक्सर चालत नाही त्यांना. "मिक्सरनं पानी सुटते भाऊजी, मजा नाही येत." तुम्हाला सांगतो, नारायण पेठेतल्या माणसाला साठी उलटल्यावर कळलं की जिभेला घाम फुटतो म्हणजे काय! पहिल्या गुरुवारी मी हिच्यासमोर रडलो. तिखटानं. आणि तरी दुसरी भाकरी मागून घेतली.

तर सात तारखेला ग्रुपवर एक मेसेज आला. पाचशे दोनमधला चेतन. हा मुलगा अमेरिकेच्या वेळेवर काम करतो, म्हणजे आपण उठतो तेव्हा हा झोपतो. त्यानं लिहिलं, "डिअर ऑल, थ्री झिरो टूमधून डेली मॉर्निंग सिक्सला ठोकण्याचा आवाज येतो, इट इज रिअली डिस्टर्बिंग, कमिटीनं स्ट्रिक्ट अ‍ॅक्शन घ्यावी, जे अ‍ॅग्री असतील त्यांनी प्लीज थम्ब्ज अप." मी काय केलं असेल? अहो, मी मेसेज पुरता वाचलाही नव्हता! डिअर ऑलपर्यंत वाचला, दूधवाला आला, म्हटलं आधी पोच देऊन टाकू, मजकूर मागून बघू. आमच्या कचेरीत हीच पद्धत! आवकवाल्यानं मजकूर वाचायचा नसतोच. वाचायला लागला तर संध्याकाळपर्यंत घरी कसा जाईल?

त्या तक्रारीला एकशे साठ घरांतून एकूण अंगठे आले तीन. एक चेतनचा स्वतःचा. दुसरा त्याची बायको निकिता हिचा. आणि तिसरा... बघताय काय माझ्याकडे? माझाच!

मला हे कळलं केव्हा? तर दुसऱ्या दिवशी सकाळी सातला वैजनाथराव आले नाहीत तेव्हा. सव्वासात झाले, साडेसात झाले. म्हटलं, झोप लागली असेल. एकट्यानंच चकरा मारल्या. परत येताना लिफ्ट उघडली तर आत वैजनाथराव! मी म्हटलं, "काय हो, आज दांडी?" आणि तुम्हाला सांगतो, त्या माणसानं माझ्याकडे बघितलं, रुमाल काढला, तोंडावर धरला, आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला! वैजनाथराव! जो माणूस लिफ्टमध्ये अनोळखी कुरियरवाल्याला त्याच्या गावचं पाऊसपाणी विचारतो, तो! तिसरा मजला आला, हात नुसता वर केला आणि गेला निघून.

घरी आलो, फोन उघडला, मागचे मेसेज वाचले. थ्री झिरो टू! म्हणजे तो आवाज खलबत्त्याचा! म्हणजे माझ्याच डबीत येणाऱ्या ठेच्याविरुद्ध मी कडक कारवाई मागितली होती! मी हिला म्हटलं, "अगं, मी नुसती पोच दिली होती!" ही म्हणाली, "हो, आता ते पोचलंय."

त्यानंतरचे दिवस काय सांगू तुम्हाला! सकाळी सहाला मी गॅलरीत कान देऊन उभा. आवाज नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. खलबत्ता बंद! गुरुवार आला, डबी नाही. मी तीनदा दार उघडून बघितलं, चौथ्यांदा ही म्हणाली, "दाराला बेल आहे आपल्या." भाजीच्या गाडीवर शालनवहिनी दिसल्या, मी मान खाली घालून कोथिंबिरीत तोंड खुपसलं. त्या हसल्यासारख्या वाटल्या, पण ते हसू होतं का? की उपरोध? वाशीमकडे उपरोध करतात का हो? आमच्याकडे करतात म्हणून विचारतो. आणि वर हा चेतन, ग्रुपवर लिहितो, "थँक यू ऑल, इश्यू रिझॉल्व्ड, स्लीपिंग पीसफुली." आणि तुम्हाला खोटं वाटेल, या हातानं... या हातानं त्यालाही पोच दिली! हात वळतोच हो तिकडे, मी काय करू?

तेजस म्हणाला, "बाबा, जा ना सरळ, बोला त्यांच्याशी, दोन मिनिटांचं काम आहे." दोन मिनिटांचं! तोंडी? तोंडी बोलण्याला आधार काय? उद्या कुणी विचारलं, ताम्हनकर, तुम्ही खुलासा केला होता का, तर दाखवू काय, तोंड? मी रीतसर पत्र लिहायला बसलो. तीन कच्चे मसुदे फाडले. प्रति, श्री. वैजनाथ इंगोले, सदनिका क्रमांक तीनशे दोन. विषय : दिनांक सात रोजी दिलेल्या अंगठ्याबाबत खुलासा. संदर्भ : श्री. चेतन यांचा त्याच तारखेचा संदेश. महोदय, उपरोक्त विषयी आपणास कळविण्यात येते की, सौ. वहिनींच्या खलबत्त्याविरुद्ध कडक कारवाई व्हावी या मागणीस मी दिलेला अंगठा ही केवळ पोच होती... आणि खाली मात्र साध्या मराठीत एक ओळ लिहिली. तुम्ही चहाला येत नाही तर मला करमत नाही. ती लिहिताना, काय लपवायचं तुमच्यापासून, डोळ्यांत पाणी आलं माझ्या. मग सही केली, जावक क्रमांक एक टाकला, आणि एक प्रत स्थळप्रत म्हणून जवळ ठेवली, पोच घ्यायला.

नवव्या दिवशी गेलो. बेल दाबली. दार उघडलं, आणि समोर वैजनाथराव, हे एवढे हसत! तोंडभर! पांढरेशुभ्र दात, एका ओळीत, सगळेच्या सगळे! "या जी या, ताम्हनकर साहेब! आजच येनार होतो तुमच्याकडं! पाहा कशी बसली कवळी! अहो, समोरचे सात दात काढले डाक्टरनं त्या दिवशी. बोललो तं फसफस हवाच जाय! मले बाप्पा लय लाज वाटे, म्हनून तोंड नाही दाखवलं कोनाले. शालन म्हने, दात नाही तं ठेचा कोन खाते, खलबत्ता ठेव वरती! आता उद्यापासून सुरू, तुमची डबी पहिली!"

दात! नऊ दिवस नुसते दात! मी म्हटलं, "आणि... ग्रुपवरचं?" तर म्हणतात, "कोनता ग्रुप? थो तं मी दिवाळीपासून उघडलाच नाही! कोन वाचते ते?"

आता तुम्ही सांगा. शहाणा माणूस काय करेल? तो कागद हळूच खिशात सरकवेल, बसेल, चहा पिईल, नव्या दातांचं कौतुक करेल. कळतंय मला! तेव्हाही कळत होतं! पण अहो, त्याच्यावर जावक क्रमांक पडला होता! क्रमांक पडलेला कागद टेबलावरून परत घेतात का कधी? बत्तीस वर्षांत मी असलं काम केलं नाही! त्यात वैजनाथराव म्हणाले, "हातात काय आनलं जी?" आणि माझा हात... आपोआप... पुढे झाला.

त्यांनी चष्मा लावला. ओळीवर बोट ठेवून एकेक शब्द वाचला. कडक कारवाईपर्यंत आले आणि ते नवे दात हळूहळू ओठाआड गेले. त्यांनी शालनवहिनींना हाक मारली. त्यांनी वाचलं, कागद परत केला आणि एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्यासाठी तं कुटत होती मी." मी म्हटलं, "वहिनी, खालची ओळ वाचा, शेवटची ओळ वाचा हो! मी नुसती पोच दिली होती!" पण त्या आत गेल्या होत्या. वैजनाथरावांनी माझ्या हातातली स्थळप्रत घेतली, खिशातून पेन काढलं, सही केली, तारीख टाकली, म्हणाले, "घ्या साहेब. तुमची पोच." आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही हो, आपटलं असतं तरी बरं वाटलं असतं.

आज पाचवा दिवस. ही बघा ती प्रत. आहे काही खोड? सही आहे, तारीख आहे, क्रमांक आहे. बत्तीस वर्षांत माझ्या टेबलावरून एक कागद गहाळ झाला नाही, तुम्हाला सांगतो... हा एकच माणूस झाला.