बिबड्यांचा दावा

हसू नका, पण देवपूरच्या शेजाऱ्यावर मी खरंच दावा ठोकला होता. त्याच्या भिंतीची सावली आमच्या गच्चीवर पडायची आणि बायकोचे बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळायचे नाहीत, एवढ्यासाठी!

धुळ्याच्या कोर्टात आम्हा दोघांचे वकील दुपारभर भांडले. त्यात माझ्याच बाकावर बसलेल्या, खेड्यातून आलेल्या एका अक्काचा नंबर राहिला, तिला पुढची तारीख मिळाली.

"दीरनी मना घरले कुलूप लावेल शे, तीन वरीस व्हयनात," ती म्हणाली. "तुमनं काय, भाऊ?"

मी खाली मान घालून बिबड्यांचं सांगितलं. वाटलं, आता ही शिव्या घालणार.

तिनं पिशवी उचलली आणि काळजीनं विचारलं, "मंग आते वाळतस का बिबडा?"

जजसाहेब आल्यावर उठतात ना, तसा मी तिच्यासमोर उठून उभा राहिलो.