वहीतल्या मोकळ्या जागा

(स्वयंपाकघरातलं टेबल. त्यावर टेपरेकॉर्डर, एक कॅसेट आणि लांबट वही. माझी बायको जाऊन महिना झाला. समोर तिच्या लॅबमधली विद्यार्थिनी बसली आहे.)

विद्यार्थिनी : ...मग त्या दिवशी तुम्हाला कळवलं कोणी, काका?

मी : कळवायचं काय, मी दवाखान्यातच होतो. बाहेरच्या बाकावर. सकाळी दहाला डॉक्टर आले आणि शेजारी बसले. डॉक्टर उभ्याउभ्या बोलतो तोवर ठीक असतं. बसला की समजायचं.

विद्यार्थिनी : काय म्हणाले?

मी : म्हणाले, जखम टाचेला, लहानशी. पण जंतू रक्तात गेले. आता सूज एका जागी नाही, अंगभर आहे. पांढऱ्या पेशी सगळीकडेच धावत सुटल्यात. बिचारे सोपं करून सांगत होते. मी म्हटलं, डॉक्टर, त्या शिरेच्या भिंतीला चिकटतात, फटीतून बाहेर पडतात, ते मला ठाऊक आहे. माघारी का फिरत नाहीत, तेवढं सांगा.

विद्यार्थिनी : असं विचारलंत?

मी : विचारलं. मग म्हणाले, तुम्ही याच क्षेत्रातले का? म्हटलं, नाही, मी दुकानांच्या पाट्या रंगवतो. पावणेबाराला ती गेली.

विद्यार्थिनी : काका, मी आज खरं तर कामासाठी आलेय. पण जीभ रेटत नाहीये.

मी : टेपसाठी आलीस.

विद्यार्थिनी : तुम्हाला कसं कळलं?

मी : दोनदा फोन केलास, तब्येत विचारलीस आणि ठेवलास. नुसती तब्येत विचारणारं माणूस 'बाकी काही नाही' असं तीनतीनदा सांगत नाही.

विद्यार्थिनी : मॅडमनी शेवटचं जे पिल्लू बघितलं ना, त्याचं चित्रण आहे माझ्याकडे. माशाचं पिल्लू, काचेसारखं आरपार. शेपटीला बारीकसा छेद दिला होता. एक पांढरी पेशी जखमेपर्यंत गेली, तिथे बसली, मग मागे वळली. आणि चोपन्नाव्या मिनिटाला कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर गेली. मॅडमनी भिंगातून तिचा पाठलाग केला. पुढे काय झालं, ते फक्त त्यांच्या बोलण्यात आहे.

मी : आणि तुमचे साहेब काय म्हणतात?

विद्यार्थिनी : म्हणतात, वाटेत मेली असेल, सोडून द्या. जखमेवरून काही पेशी माघारी फिरतात, हे त्यांनाही मान्य आहे. पण मॅडमना एकच पेशी हवी होती. रक्तातून निघालेली, परत रक्तात पोचलेली, नजरेआड न झालेली. माझा प्रबंध तिच्यावर उभा आहे, काका.

मी : माहीत आहे मला. बावीस वर्षं तेच लिहीत आलोय मी. तिचं अक्षर बघितलंयस ना?

विद्यार्थिनी : हो! मुंगी शाईत पडून कागदावर चालत गेल्यासारखं.

मी : स्वतःचंच तिला वाचता यायचं नाही. एकदा या टेबलाशी बसून वहीवर डोकं आपटत होती. मी म्हटलं, अगं, भिंगातून डोळा काढूच नकोस. तिथे टेपवर बोल, घरी मी ऐकून लिहितो. अक्षर हा माझा धंदा आहे. तेव्हापासून संध्याकाळी हात धुवायचे, टेप लावायची. ती समोर बटाटे सोलत बसायची आणि माझ्या चुका काढायची.

विद्यार्थिनी : तुम्ही कधी बघितली पेशी?

मी : नेलं होतं तिने एकदा. डोळा लावला तर मला माझ्याच पापण्या दिसल्या. म्हटलं, छान आहे. तीही समजली. पुन्हा नेलं नाही.

विद्यार्थिनी : एक विचारायचं होतं. वहीत मध्येमध्ये जागा मोकळ्या आहेत. दहा मिनिटं, बारा मिनिटं. तिथे पेशी काय करत होती?

मी : काही नाही. पेशी बसून राहिली की ही माझ्याशी बोलायची. 'हे लिहू नका' म्हणायची आणि सुरू.

विद्यार्थिनी : काय बोलायच्या?

मी : काहीही. कोणाचं लग्न मोडलं, खिडकीची कडी बसत नाही, साहेबांनी केस काळे केले. लॅबच्या वहीत ते कसं लिहिणार? जागा सोडून द्यायचो.

विद्यार्थिनी : आणि त्या टेपा?

मी : नव्वद मिनिटांच्या सहाच कॅसेट वापरल्या आम्ही, एक झिजली की फेकून दुसरी. लिहून झालं की मीच मागे गुंडाळून तिच्या पिशवीत ठेवायचो. दुसऱ्या दिवशी त्याच्यावरच नवी पेशी. बावीस वर्षांचं बोलणं मी माझ्या हाताने पुसलं, पोरी. काटकसर म्हणून.

विद्यार्थिनी : म्हणजे पुसायची राहिलेली ही एकच.

मी : एकच.

विद्यार्थिनी : मी नेत नाही, काका. इथेच ऐकू. नाहीतर तुम्ही एकटे ऐका आणि मला फक्त सांगा.

मी : एकट्याने होत नाही. बटणावर बोट ठेवतो आणि तसाच बसतो. तुला सांगतो, त्या संध्याकाळी तिने ही टेप दिली, तेव्हा औषधाच्या दुकानाची पाटी द्यायची होती मला. म्हटलं, उद्या लिहितो. रोजचं काम, एकदाच उद्यावर टाकलं. दुसऱ्या दिवशी तिला ताप भरला.

विद्यार्थिनी : राहू दे, काका. मी जाते.

मी : बस. दुसरी बाजू लाव. बटण तू दाब.

टेप : ...चोपन्न मिनिटं. कॅमेऱ्यातून गेली, मला दिसतेय. दोन घरं वर. रेंगाळतेय जरा.

विद्यार्थिनी : घरं म्हणजे?

मी : भिंगात आखलेले चौकोन. इकडे दे ती वही.

टेप : थांबली. बसली बाई. हे लिहू नका. अहो, माझ्या डब्याला आज टर्पेंटाइनचा वास येतोय. परत भांड्यांच्या स्पंजने ब्रश धुतलेत ना? आतून रंग देऊन घ्या माझ्या पोटाला, एकदाच काय ते. आणि टाच ठणकतेय हो. तुमच्या त्या पाटीचा पत्रा लागला होता ना, रविवारी, तिथेच. घरी आल्यावर बोलायची नाही मी. तुम्ही जीवाला लावून घ्याल आणि सगळे पत्रे भंगारात घालाल.

विद्यार्थिनी : बंद करू का?

मी : नको.

विद्यार्थिनी : काका...

मी : नको म्हटलं ना. हलली असेल ती.

टेप : हं, हलली. टोक लांबवलं. शिरेकडेच. एक घर खाली. भिंतीला लागली. फट चाचपतेय. अंग चोरतेय... अर्धी आत. अर्धी बाहेर. थांबा हं. थांबा. गेली! माहेरी गेली हो! एकाहत्तर मिनिटं. वाहत गेली. संपली, दिसत नाही आता.

विद्यार्थिनी : माहेरी?

मी : रक्तात. शीर म्हणजे माहेर, जखम म्हणजे सासर. असं वहीत लिहायचं नाही म्हणून मी 'परतीच्या दिशेने' लिहायचो. पोचलेली मात्र आजवर लिहिली नव्हती.

विद्यार्थिनी : पोचली, काका. मॅडमनी बघितली.

मी : रडू नकोस, वहीवर पडेल. शाई फुटते.

टेप : चला, कामाचं झालं. कॅसेट अजून शिल्लक आहे, वाया कशाला घालवायची? हे लिहू नका, नुसतं ऐका. अहो...

मी : थांबव.

विद्यार्थिनी : थांबवली. मी बाहेर जाऊन बसू का? तुम्ही ऐका निवांत.

मी : नको. तू घरी जा. ही घे वही. चोपन्नपासून एकाहत्तर मिनिटांपर्यंत सगळं आलंय. तारीख, वेळ बघून घे.

विद्यार्थिनी : यात टर्पेंटाइन पण लिहिलंय तुम्ही. टाचेचं पण.

मी : लिहिलंय.

विद्यार्थिनी : साहेब विचारतील, हे काय म्हणून.

मी : सांग, तेवढा वेळ पेशी थांबली होती.

विद्यार्थिनी : सांगते. आणि टेप?

मी : परवा यंत्र घेऊन ये. इथे बसून कामापुरती कॉपी कर. टेप घरातून जाणार नाही.

विद्यार्थिनी : परवापर्यंत पुढचं ऐकून होईल तुमचं?

मी : सांगता येत नाही. एकोणीस मिनिटं राहिली आहेत. ती लिहायची नाहीत, नुसती ऐकायची आहेत.