मागचा आरसा

उस्ताद : मान खाली. आणि सिनेमात मी मेलो कधी म्हणालास?

लिफ्टवाला : मध्यंतराच्या जरा आधी.

उस्ताद : चला, लोकांना चहा तरी मिळाला. कशानं मेलो?

लिफ्टवाला : दगडानं. आमचं टोळकं दगड मारतं, तुमच्या दुकानाची काच फुटते, तुम्ही पडता. हातात फणी असते. ती हळूहळू गळते. मागं व्हायोलिन.

उस्ताद : खरा दगड पावडरच्या डब्याला लागला होता. तो डबा बघ, अजून वापरतोय. व्हायोलिन काही ऐकू आलं नाही बुवा. तुम्ही आमच्या रंगावरून शिव्याच इतक्या मोठ्यानं देत होतात.

लिफ्टवाला : माझ्यावर सिनेमा काढणाऱ्या त्या दिग्दर्शिकाबाईंना मी दहादा सांगितलं, अहो, उस्ताद धडधाकट आहेत. एकोणीस वर्षं दर तिसऱ्या आठवड्याला माझे केस कापतात. तर म्हणाल्या, असेल, पण समोरचा जिवंत असताना नायक सुधारला हे प्रेक्षकांना पटत नाही.

उस्ताद : बाई हुशार आहेत. मलाही बरीच वर्षं पटलं नव्हतं. आणि आमच्या रंगाचा माणूस सिनेमात मध्यंतराच्या पुढं कुठं टिकतो? मी आपला तेवढं तिकीट वसूल करून घरी येतो. हलू नकोस, कात्री कानाजवळ आहे.

लिफ्टवाला : उस्ताद, मी आज केस कापायला आलो नाहीये.

उस्ताद : मग तासभर खुर्चीत बसून काय, लिफ्ट येण्याची वाट बघतोयस?

लिफ्टवाला : मला एक डाग हवाय.

उस्ताद : काय हवंय?

लिफ्टवाला : भाजल्याचा डाग. इथं, मागं, केसांच्या आत. आज सहाला खेळ आहे. तो संपला की बाई मला मंचावर बोलावणार, आणि म्हणणार, दाखवा तो डाग. सिनेमात शेवटी नायक तापलेली इस्त्री घेतो आणि डोक्यामागचा टॅटू जाळून टाकतो. सगळं थिएटर रडतं. मी पण रडलो, उस्ताद. चांगलं केलंय त्यांनी.

उस्ताद : पण तुझा टॅटू तर आहे तिथंच आहे. तुमच्या टोळक्याची ती वळलेली मूठ, भोवती कडं. मी रोज नाही तरी तीन आठवड्यांनी भेटतो तिला.

लिफ्टवाला : तेच तर!

उस्ताद : मग इस्त्री कुठून आली?

लिफ्टवाला : मीच दिली.

उस्ताद : अस्सं.

लिफ्टवाला : बाई माझ्या घरी बसल्या होत्या, समोर माझी लेक. बाईंनी विचारलं, टॅटूचं पुढं काय केलंत? आता काय सांगणार? केस वाढवले म्हणून? तोंडातून निघून गेलं, इस्त्रीनं जाळला. लेकीनं माझ्याकडं असं पाहिलं, उस्ताद... तसं तिनं मी सायकल शिकवली तेव्हाही पाहिलं नव्हतं. मग ते माघारी घेता येईना. बटण दाबल्यावर लिफ्ट निघते तसं झालं. आता ती मैत्रिणींना सांगत फिरते. परवा निबंधातसुद्धा लिहिलं.

उस्ताद : तिला ठाऊक आहे ना, तू कोणाबरोबर हिंडायचास ते?

लिफ्टवाला : ते सगळं सांगितलंय. दगड माझ्या हातचा होता, तेही सांगितलंय. खोटी एवढी इस्त्रीच.

उस्ताद : हं.

लिफ्टवाला : म्हटलं, तुमच्याकडं पन्नास बाटल्या, पावडरी. नाटकवाले तुमच्याकडं यायचे ना पूर्वी? एवढासा डाग, रात्री धुऊन टाकेन.

उस्ताद : नाटकवाल्यांना मी मिशा लावायचो. मिशा देऊ? मागं लावून जा. टाळ्या पडतील.

लिफ्टवाला : चेष्टा सुचतेय तुम्हाला.

उस्ताद : मग हे केस कुरळे करायचं यंत्र आहे. दोन मिनिटांत तापतं. खरा डाग, आयुष्यभराचा, फुकट. लावू?

लिफ्टवाला : अहो, नको नको!

उस्ताद : बघ, मान कशी आत गेली. कासव बरं.

लिफ्टवाला : तेव्हाही अशीच गेली होती. एकदा घेतली होती हो इस्त्री हातात. लांबून नुसती धग लागली आणि बटण बंद केलं. मग एक शर्ट इस्त्री केला, टोपी घातली आणि तुमच्याकडं आलो. गावात तुमचंच एक दुकान असं होतं, जिथं आमच्यातलं कोणी मला बघणार नव्हतं.

उस्ताद : टोपी काढलीस तेव्हा वस्तरा माझ्या हातात होता.

लिफ्टवाला : म्हणून तर मी सगळ्यांना सांगतो. उस्तादांनी ती मूठ पाहिली, ओळखली, आणि एक वावगा शब्द न बोलता म्हणाले, मागं जरा लांब ठेवतो, तुम्हाला शोभेल. त्या दिवशी मला कळलं, माणूस म्हणजे काय.

उस्ताद : आता तू इस्त्रीचं बोललास, तर माझंही ऐकून घे. ते शोभण्याबिभण्यासाठी नव्हतं.

लिफ्टवाला : म्हणजे?

उस्ताद : हात थरथरत होता. भीतीनं की रागानं, आजही सांगता यायचं नाही. त्या हातानं मानेवर वस्तरा लावला असता तर एक तर तू गेला असतास, नाही तर मी, तुरुंगात. म्हणून म्हटलं, लांब ठेवतो.

लिफ्टवाला : एकोणीस वर्षं मी लोकांना तुमचं मोठेपण सांगतोय!

उस्ताद : ऐकलंय मी. बरं वाटायचं, म्हणून कधी टोकलं नाही.

लिफ्टवाला : मग पुढच्या वेळी का लांब ठेवलेत? आणि त्याच्या पुढच्या?

उस्ताद : पुढच्या वेळी हात थोडा कमी थरथरला. मग सवय झाली. तिसऱ्या वर्षी तू गरम टॉवेलच्या आतून बोललास ना, दगड मी मारला होता म्हणून, तेव्हा तर हात अगदी स्थिर होता.

लिफ्टवाला : तोंड झाकलेलं होतं, म्हणून बोलता आलं. तुम्ही तो टॉवेल काढलाच नाहीत. थंडगार पडला तोंडावर.

उस्ताद : मला तरी कुठं तुला तोंड दाखवायचं होतं? डोळे पुसायला दुसरा टॉवेल धुतलेला नव्हता.

लिफ्टवाला : हे सिनेमात नाही.

उस्ताद : टॉवेलवर व्हायोलिन कसं वाजवणार? चल, पाच वाजत आले. काय करायचं सांग. मागं तसेच ठेवू? पण एक सांगतो, वरून विरळ होत चाललेत. फार तर दोन वर्षं मी झाकू शकेन. पुढं ती मूठ आपोआप बाहेर येईल.

लिफ्टवाला : पोरगी न्यायला येईल इतक्यात.

उस्ताद : येऊ दे.

लिफ्टवाला : उस्ताद, मशीन लावा.

उस्ताद : कुठवर?

लिफ्टवाला : सगळे काढा.

उस्ताद : मंचावर काय बोलशील?

लिफ्टवाला : भाजण्याची भीती वाटली, म्हणून एका माणसाकडं केस वाढवायला गेलो, असं. त्याला माझी भीती वाटत होती. दोघांनी तसंच चालू ठेवलं.

उस्ताद : बाईंचा सिनेमा पडेल.

लिफ्टवाला : पडू दे. पण पोरीला वाटेतच सांगणार. तिनं ते मंचावरून ऐकायला नको.

उस्ताद : मान खाली. आणखी खाली.

(मशीन बराच वेळ घरघरत राहतं. लिफ्टवाला डोळे मिटून बसतो. बंद पडलेल्या लिफ्टमध्ये माणसं बसतात तसा. फरक इतकाच, की या खेपेला सोडवायला येणारं दुसरं कोणी नाही, हे त्याला ठाऊक आहे. पांढऱ्या कापडावर केस साचतात.)

उस्ताद : झालं. आता गिऱ्हाइकाला मागचा आरसा दाखवायचा असतो. तुला कधी दाखवला नव्हता. धरू?

लिफ्टवाला : धरा.

उस्ताद : दिसतंय? जरा डावीकडं हो.

लिफ्टवाला : एवढीशीच आहे?

उस्ताद : एवढीशीच होती.

लिफ्टवाला : मला वाटायचं, सगळं डोकं व्यापलंय तिनं. फिकटली पण हो. मूठ आहे की कोबी, ओळखू येत नाही.

उस्ताद : तिला असं हलक्यात घेऊ नकोस. ओळखणारे ओळखतात.

लिफ्टवाला : खरंय... उस्ताद, दुकान बंद करा आणि चला.

उस्ताद : मी? मी मेलोय. लोक घाबरतील.

लिफ्टवाला : मला पहिल्या रांगेत बसवलंय. लेक माझ्या मागच्या रांगेत. अडीच तास तिच्यासमोर हे माझं डोकं असणार. तिच्या शेजारची खुर्ची घ्या.

उस्ताद : तिनं काही विचारलं तर?

लिफ्टवाला : विचारायची नाही. पण ती आधी एकदा हा सिनेमा बघून आलीय. इस्त्रीला नाही, तुम्ही पडता ना, तिथं रडली होती. आज तिथं तिच्या शेजारी असा.