आमच्या घरचं माहिती खातं

नाही नाही, विनिताताई, स्वातंत्र्याला माझा विरोध नाहीच मुळी! बसा ना, दर्शनाने चहा टाकलाय — तिकडे नको, ह्या बाजूला बसा, पडद्याकडे पाठ करून — उलट मी सगळ्यांना सांगत होतो, यंदा मंडळाने मुलांना भाषणाला विषय काय झकास दिलाय, 'देशोदेशीच्या बातम्या आणि त्यांचं स्वातंत्र्य', नाहीतर दरवर्षी आपलं 'माझा आवडता सण'! आणि आमच्या सान्वीने तयारी काय कमी केलीय? नॉर्वेत म्हणे पत्रकार थेट मंत्र्याला विचारतो आणि मंत्री चक्क उत्तर देतो — मग लोक चहाला बसल्यावर बोलतात तरी काय? आपल्याकडे बघा, एका स्क्रीनवर नऊ चौकटी, नऊ माणसं एकदम ओरडतायत, कोण काय म्हणतं देव जाणे, पण ओरडायचं स्वातंत्र्य आहे की नाही? आहे! आणि इथलं... इथलं काय, इथे आखातात पेपरात हवामान छान येतं. धुकं कुठे, रस्ता कुठे बंद. मी काही म्हटलं नाही हां, ताई. तुम्ही ऐकलंत काही? नाही ना? खलास.

माझं म्हणणं एवढंच, तीन देश पुरेत. चौथा कशाला? परवा तालमीला मी मागे उभा, आणि ही पोरगी माईकवर म्हणते, 'चौथा देश — आमचं घर, डिस्कव्हरी गार्डन्स. इथे सगळ्या बातम्या आधी बाबा तपासतात, मगच त्या देवरुखला आजीकडे जातात.' लोक हसले हो! मी तिथूनच बाहेर पडलो, पुढचं ऐकायला थांबलोच नाही. आणि शनिवारी कार्यक्रम, त्याची लिंक जाणार भारतात सगळ्या आजी-आजोबांना, आमची आई तर आळीतल्या बायका गोळा करून बसणार. तालीम तुम्ही घेता, तुम्ही म्हणा ना, वेळेत बसत नाही, काप चौथा देश. मी सांगितलं तर मला म्हणते, 'बाबा, दॅट इज एक्झॅक्टली माय पॉइंट.'

तपासतो म्हणजे काय? खोटं नाही सांगत मी, निवडतो! संपादक निवडतोच ना? आता कंपनीने उन्हाळ्याआधी 'हबीबी, यू आर लाइक फॅमिली' म्हणून घरी बसवलं — आईला काय सांगितलं? 'आई, कामाची जागा बदलली.' बदललीच की! रास अल खोरला, कांद्याच्या गोदामात. सुपरवायझर आहे — म्हणजे अगदी सुपरवायझर असं नाही, पण कांदे ऐकतात माझं. रविवारी आईचा व्हिडिओ कॉल आला की इस्त्रीचा शर्ट घालून त्या शोकेससमोर बसतो, फोन इंचभर हलवत नाही. का? इकडे वळवला की पडदा दिसणार, आणि पडद्यामागे... अहो, भाचाच समजा आमचा. नागेश. अर्धा हॉल दिलाय त्याला, भाड्याला हातभार — हे बिल्डिंगमध्ये बोलू नका हां, ताई, इथे चालत नाही तसं. पोरगा गुणी, कॉल चालू असला की पाण्याचा घोटसुद्धा आवाज न करता घेतो, पण खोकला नेमका तेव्हाच येतो त्याला. आई विचारते, कोण रे खोकलं? मी म्हणतो, टीव्ही.

तर काय करू? एकटी राहते ती. गावभर सांगितलंय तिने, मुलगा साहेब आहे. तिची झोप कशाला उडवायची, असं आपलं मी म्हणतो — पण खरं सांगू, ताई? लाज वाटते मला. तिचा कारभार बघा, एकदम उघडा! कधीही विचारा, 'मी ठणठणीत आहे, तू जेवलास का?' फोन तेवढा धरता येत नाही तिला. आधी निदान ओटीवरून बोलायची, मागे फणस दिसायचा. गणपती झाल्यापासून आपलं अर्धं कपाळ आणि वर पंखा. दर्शना म्हणते, सासूबाईंपेक्षा पंख्याशीच माझं जास्त बोलणं होतं!

तर चौथा देश तेवढा... काय? तो कापला तर पाचवा कळणार नाही? पाचवा कुठला? आहे अजून एक देश? ... देवरुख? आईचं घर?

थांबा, थांबा. काय सांगते सान्वी त्यात? ... पडली? कधी? गणपतीत, ओटीच्या पायरीवरून... आणि प्लास्टर? अजून आहे? हिला कोणी सांगितलं — आजीनेच? आणि बाबाला सांगू नको, त्याला तिकडे काळजी नको... आणि मी म्हणायचो, फोन धरता येत नाही. झोपून बोलते हो ती, ताई. झोपलेल्या माणसाच्या फोनात दुसरं काय दिसणार? पंखाच.

नाही, काही कापू नका. काही म्हणजे काही नको. तुम्ही चहा घ्या — एक मिनिट हां — हॅलो, आई? हो, आज रविवार नाही, माहितीये मला. जेवलो. आई, फोन खाली कर. खाली, पायाकडे. पंखा नको, पंखा पाठ झालाय माझा. कर ना, आई... काय? आधी मी? मी काय वळवू, इकडे काही नाही, शोकेस तर... कोणाला? कोणाच्या खोकल्याला? आई, तुला कोणी...

बरं.

नागेश. ए नागेश, सरकव रे तो पडदा. आई विचारतेय, काढा घेतोस की नाही म्हणून.