तिसऱ्या रकान्यातला भूगोल

...नाही, म्हणजे सहा विषय घ्यायचे, ठीक आहे, आम्हीही घेतलेच होते की! पण सहा रकान्यांतून सहा, त्यातले तीन मोठे आणि तीन छोटे, मोठे म्हणजे पार तळापर्यंत जायचं आणि छोटे म्हणजे काठावर पाय बुडवायचे, शिवाय वर चार हजार शब्दांचा निबंध, शिवाय 'आपल्याला जे माहीत आहे ते माहीत आहे हे आपल्याला कशावरून माहीत' असा एक अख्खा तास, शिवाय खेळ, कला आणि लोकसेवा केल्याची डायरी... आणि हे सगळं सोळा वर्षांच्या पोरीपुढे एका कागदावर मांडायचं आणि म्हणे, निवडा! अहो, आमच्या कन्येची मोजे निवडता निवडता बस चुकते! तिने आयुष्य निवडायचं, तेही शुक्रवारी दुपारी साडेतीनच्या आत!

तुम्हाला सांगतो, मी काही बाहेरचा माणूस नाही. मी त्याच शाळेत भूगोल शिकवतो. सव्वीस वर्षं. तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे हा आंतरराष्ट्रीय डिप्लोमा आला. शाळेची शेवटची दोन वर्षं हा केला की म्हणे जगातल्या कुठल्याही कॉलेजात जाता येतं. आला तर आला, माझं काय जातं? पण त्या सहा रकान्यांपैकी तिसऱ्यात त्यांनी भूगोल टाकला आणि त्याच्या शेजारी मानसशास्त्र! दोन्हीपैकी एकच घ्यायचं. आणि मानसशास्त्राच्या नव्या बाई तरुण, हसऱ्या, पहिल्याच तासाला मुलांना स्वप्नं सांगायला लावतात. माझ्या पहिल्या तासाला काय असतं? खडकांचे प्रकार! आता सोळा वर्षांचं पोर स्वप्नांकडे जाईल की खडकांकडे, तुम्हीच सांगा.

त्यांच्याकडे अठ्ठावीस मुलं. माझ्याकडे चार. आणि नियम काय? पाचाच्या खाली मुलं असतील तर विषय बंद. चार! त्यातला एक तर चुकून आला होता, पण मी त्याला बोललो नाही.

आमच्या वेळी असलं काही नव्हतं हो. विषय निवडतात हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. हेडमास्तर एक दिवस गुणांची यादी आणि लाकडी पट्टी घेऊन वर्गात आले, यादीवर पट्टी आडवी ठेवली आणि म्हणाले, "विज्ञानाच्या खोलीत चाळीस बाकं आहेत. चाळिसाव्यापर्यंत उठा आणि तिकडे जा." मी एकेचाळिसावा! झालं! उरलेल्यांना इतिहास-भूगोल. घरी जाऊन वडिलांना सांगितलं तर ते पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "बाक मिळालं ना बसायला?" संपलं आमचं करिअर मार्गदर्शन!

पण तुम्हाला खरं सांगतो, काय नशीब होतं ते! भूगोलाचे आमचे सर म्हणजे कोट ढगळ, आवाज खर्जातला, आणि फळ्याकडे पाठ करून, आमच्याकडे बघत बघत खडूने अख्ख्या खंडाचा किनारा काढायचे. पाठ करून! एकदा त्यांनी आम्हाला शाळेमागे नेलं, मातीचा ढीग केला, मला म्हणाले, "ओत रे बादली." मी ओतली. पाणी आधी थबकलं, मग एका बाजूने वाट काढत निघालं, मध्ये खडा आला तिथे वळलं, खाली जाऊन पसरलं. सर उकिडवे बसले होते, कोटाची टोकं चिखलात, आणि म्हणाले, "बघा, नदी झाली." बस्स, एवढंच. मी बादली हातात धरून उभाच! मला त्या दिवशी इतका आनंद झाला होता की घरी जाऊन अंगणात आणखी तीन नद्या केल्या आणि आईचा मार खाल्ला. सर गेले त्यालाही आता खूप वर्षं झाली.

तर, चार. पाचवा हवा. आणि पाचवी माझ्या घरात, रोज सकाळी मोजे शोधत असलेली!

आता मी काही तिला 'भूगोल घे' म्हणालो नाही. छे! मी तसला बाप नाही. मी फक्त नकाशांचं मोठं पुस्तक जेवणाच्या टेबलावर उघडं ठेवलं. मग तिच्या अभ्यासाच्या टेबलावर. मग बाथरूमच्या बाहेर. तिला व्हायचंय गुरांची डॉक्टर. म्हणजे जीवशास्त्र, रसायन हे ठरलेलं. म्हटलं, "गुरं चरतात कुठे? गवताळ प्रदेशात! आणि गवताळ प्रदेश कोणाच्या पुस्तकात? बोल, बोल!" तर म्हणते, "बाबा, पण गाय घाबरलेली असली तर? तिला हात कसा लावायचा? मला तिचं मन कळायला हवं ना." गाईचं मन! आमच्या वेळी माणसाला मन असतं हे सुद्धा कोणी बोलायचं नाही घरात!

आणि ही स्वयंपाकघरातून: "अहो, मुलगी तुमची आहे, पटावरची संख्या नाही." बायकोला बरोबर कळतं कुठे बोट ठेवायचं. मी नकाशांचं पुस्तक उचलून कपाटात ठेवलं. वरच्याच फळीवर ठेवलं, अगदी समोर, पण ठेवलं.

शुक्रवार उजाडला. शाळेत पालकांना वीस-वीस मिनिटं दिलेली. पोरगी, बायको आणि मी, तिघंही गेलो. डिप्लोमाच्या समन्वयक बाई म्हणजे प्रत्येक वाक्य कॉम्प्युटरला विचारून बोलणार. माझ्याच शाळेत, माझ्याच ओळखीच्या खोलीत मी शिरतो तर म्हणतात, "सर, आज तुम्ही इथे पालक आहात. पालकांनी त्या खुर्चीत बसावं. आणि पालक जे बोलतील ते मी नोंदवणार, सगळ्यांना एकच नियम." म्हटलं, नोंदवा. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्या खुर्चीत बसलो. खुर्ची मुद्दाम बुटकी ठेवतात, तुम्हाला सांगतो, पालकांनी गुडघ्यांमधून बघावं म्हणून!

बाई सुरू झाल्या: "पहिला रकाना, मातृभाषा. मोठी की छोटी?" छोटी. "दुसरा, परकी भाषा." छोटी. "चौथा आणि सहावा तुमचे ठरलेत, जीव आणि रसायन, दोन्ही मोठे. गणित?" छोटं. "म्हणजे तिसरा मोठा आला. प्रोफाइल बॅलन्स्ड हवं हं!" मला वाटलं गाडीची चाकं तपासतायत. मग पेन पोरीच्या हातात दिलं, कागद तिच्याकडे सरकवला, आणि म्हणे, निवडा!

पोरगी थांबली. पेन तिसऱ्या रकान्यावर. एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा कागदाकडे. आणि हळूच म्हणाली, "बाबा, तुझ्याकडे चारच आहेत ना? मी घेते भूगोल. मोठा घेते."

काय सांगू तुम्हाला... म्हणजे हिला माहीत होतं! मी पुस्तक उघडं टाकत फिरत होतो आणि ही सगळं ओळखून गप्प होती. दोन वर्षं, रोज, नको असलेला विषय, तोही तळापर्यंत, कशासाठी? तर बापाचा वर्ग बंद पडू नये म्हणून! मला असं वाटलं की उठून तिला जवळ घ्यावं, आणि त्याच क्षणी, खोटं कशाला बोलू, असंही वाटलं की पाच झाले! पाच! त्या चौघांना आणि हिला घेऊन मागच्या मैदानात जाईन, माती आणीन, बादली आणीन... हो म्हणायचं फक्त. ती तयारच होती.

आणि मी तिचं बोट बघितलं. पेन इतकं घट्ट धरलं होतं की नख पांढरं पडलं होतं.

मी बोलून गेलो, "भूगोल नको."

बाईंनी मान वर केली. "कारण?"

आता काय कारण देणार? खरं सांगितलं असतं तर पोरीने ऐकलं नसतं, हट्टी आहे, आईवर गेली आहे. तोंडात आलं ते ठोकून दिलं: "शिकवणारा बरा नाही."

पोरगी खो खो हसायला लागली, हसता हसता डोळे पुसले आणि मानसशास्त्रावर खूण केली. बायको टेबलाखालून माझा हात दाबून बसली. आणि बाई? बाई टाइप करत होत्या. टक टक टक. मला वाटलं विषय टाइप करतायत!

सोमवारी टेबलावर दोन कागद. पहिला: विद्यार्थीसंख्या अपुरी, सबब तिसऱ्या रकान्यातला भूगोल बंद. मला अपेक्षा होती. तरी वाचून खाली बसलो, मग उठून नकाशाच्या खोलीत गेलो, एक एक नकाशा गुंडाळला, दोरा बांधला. मोठ्या वर्गाचा भूगोल संपला. खालच्या वर्गांना आहे अजून, दिशा आणि ऋतू, तेवढं चालेल निवृत्तीपर्यंत. आणि घरी कन्या रोज येऊन गाईच्या भीतीबद्दल सांगते, डोळे असे चमकतात की मला बादली हातात घेतलेला मीच दिसतो. मग बरं वाटतं.

दुसरा कागद हेडमास्तरीण बाईंचा होता. "भूगोलाच्या शिक्षकाच्या अध्यापनाबद्दल एका पालकाची तक्रार नोंदवली गेली आहे. संबंधित शिक्षकाने सदर पालकाची समक्ष भेट घेऊन गैरसमज दूर करावा आणि आठ दिवसांत अहवाल सादर करावा."

गेलो हो त्यांच्याकडे, समजावून सांगायला! म्हणाल्या, "सर, कॉम्प्युटरमध्ये तक्रार उघडी आहे. अहवालाशिवाय ती बंद होत नाही."

काय करता! काल बसलो आणि लिहून दिला: पालकाची समक्ष भेट घेतली. बराच वेळ चर्चा झाली. पालक आपल्या मतावर ठाम आहेत.