बोजारा घेतलेला नंदी

मी शालू जीवन धकाते, वय १४ वर्षे, काम शिक्षण (नववी) व आईच्या हातमागावर कांड्या भरणे, रा. पवनी, जि. भंडारा. आई सरिता शेजारी बसलेली असताना, पोलीस ठाण्यात साहेबांनी विचारल्यावरून समक्ष सांगते की,

वरील पत्त्यावर मी आईसोबत राहते. वडील वारले. मोडक्या मागाच्या सागवानी खांबातून त्यांनी माझ्यासाठी चाकाचा नंदी कोरला होता. डावा कान कोरायचा राहूनच गेला. दर तान्ह्या पोळ्याला मी तोच फिरवते.

यंदा जुन्या वस्तूंचे दुकानदार भय्याजी "रंगवून देतो" म्हणून नंदी घेऊन गेले. परत मागितला तर म्हणाले, "तुह्या बापानं मलेच देला होता. जाय घरी." तान्ह्या पोळ्याच्या संध्याकाळी नागपूरचे गिऱ्हाईक तो न्यायला येणार, हे वर्गातल्या चंदनने त्यांच्याच तोंडून ऐकले. आई म्हणाली, जाऊ दे, मोठ्या माणसाच्या तोंडी कोण लागते. मी म्हटले, "कायले जाऊ देऊ? बाबानं केला हाये."

चंदन आणि मैत्रीण करुणा सोबत होते, पण बेत माझा. त्यांना बोलू नये. त्या दिवशी पोरं नंदी घेऊन दारोदार जातात. घरची बाई नंदीला ओवाळते आणि बोजारा देते, म्हणजे खाऊ नाहीतर पैसे. दार कोणी लावत नाही. म्हणून आम्ही दिवसाढवळ्या भय्याजींच्या घरी समोरूनच गेलो. चाकाच्या फळीवर घागर आडवी बांधून वर झूल टाकली होती. लांबून नंदीच वाटे.

भय्याजी दुकानात होते. घरी त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई, आणि ओसरीवर ठेवलेला माझा नंदी. अंगणात चंदन धपकन पडला आणि "मेलो वो माय!" करून असा बोंबलला की मलेच खरे वाटले. बाई पाणी आणायला आत पळाल्या. करुणाने आणि मी ओसरीवरचा नंदी खाली घेतला, झूल त्याच्यावर टाकली, घागर कोपऱ्यात लोटली. निघालो, तर अंगणाच्या दारातच चाक अडकले आणि झूल घसरली. वळून पाहतो तर बाई पाण्यासोबत ओवाळायचे ताटही घेऊन उभ्या.

बाईंनी कान नसलेली बाजू पाहिली. मग माझ्याकडे पाहिले. मी दोरी सोडली नाही. त्यांनी नंदीला कुंकू लावले, ओवाळले, बोजारा माझ्या हातात ठेवला. म्हणाल्या, "चाक उचलून ने पोरी, अटकून राह्यलं."

आता भय्याजींनी चोरीची तक्रार दिली आहे. याले म्हणते चोराच्या उलट्या बोंबा. हे वाक्य साहेब लिहीत नव्हते, मी लिहायला लावले. माझे म्हणणे असे की, आपल्याच घरच्या नंदीला कोणी बोजारा देते काय? बोजारा दुसऱ्याच्या नंदीला असतो. पवनीत कोणालेही विचारा.

एवढे सांगून झाले तेव्हा सत्यभामाबाई स्वतः ठाण्यात आल्या. तिथेच बसलेले भय्याजी म्हणाले, "तू काहून आली? घरी जाय." त्या हलल्या नाहीत. म्हणाल्या, "साहेब, नंदी इचा हाये. मी पाहून, ओळखून बोजारा देला. लिहा." साहेबांनी तेही लिहून घेतले. आईने माझा हात घट्ट धरला.

जबाब मला वाचून दाखवला. त्यात "नंदी चोरला" असे होते, म्हणून मी बरोबर नाही म्हटले. साहेबांनी ते खोडून "नंदी घरी नेला" असे लिहिले आणि पुन्हा वाचले. आता बरोबर आहे.