रेंगाळेबुवांची बायको

मंडळी, एक सांगा मला — बरोबरचं माणूस मागं पडलं, तर चूक कोणाची? त्याच्या पायांची, की आपल्या? ...अहो खांबापाशीच्या वैनी, उठताय कुठं? घरी दूध उतू जात नाही. बसा, ऐका!

एक होती अनसाबाई. चालायला लागली की पदर मागं उडायचा! आणि नवरा? रमतगमत! दर चैत्रात दोघं देवीचा डोंगर चढायची. ही वर पोचून घाम पुसते, तर तो अजून निम्म्या वाटेवर कुणाशीतरी हसत बसलेला! ही वरून ओरडायची, "अहो रेंगाळेबुवा! मुंगी पुढं गेली की तुमच्या!" सगळा डोंगर हसायचा. नारळ त्याच्या पिशवीत, म्हणून थांबायचं. नाहीतर ही थांबणारी होती होय?

तो गेला. मूल ना बाळ.

यंदा चैत्रात एकटीच निघाली. नारळ स्वतःच्या पिशवीत. झपाझप वर पोचली — आणि पायरीवर बसली! का? सवय हो! गुरव म्हणाला, "मावशी, चला आत." ही म्हणते, "थांबा, मागं आहेत..." आणि तोंडावर पदर.

तिथली रीत अशी — गेलेल्याच्या नावाचा पहिला नारळ त्याच्या माणसानं फोडायचा, बायकोनं नाही. गुरवानं विचारलं, "त्यांचं कोणी आलंय?"

"कोणी नाही."

नारळ परत पिशवीत. उतरताना पाय असे जड, की जन्मात पहिल्यांदा अनसाबाई रखडली!

निम्म्या वाटेवर लिंबाजी काकडीवाला. "बसा मावशी. कुठल्या तुम्ही?" इतकी वर्षं याच्या पुढ्यातून गेली, मान म्हणून वळवली नव्हती! आता ओळख काय सांगावी? जुन्या वळणाची बाई, नवऱ्याचं नाव ओठावर आणायची नाही. खाली बघत म्हणाली, "त्या... रेंगाळेबुवांची बायको."

लिंबाजीची सुरी थांबली. "आप्पांची? म्हणजे वरून हाका यायच्या त्या तुमच्या! आप्पा उठत म्हणायचे — चल लिंबाजी, मला बोलावणं आलं... कुठं आहेत आप्पा?"

तिनं नुसता नारळ पुढं केला.

रीत ठाऊक असलेला माणूस तो. टोपली झाकली, डोळे पुसले. "चला. मी फोडतो. मी आहे त्यांचा."

तरणा गडी, भराभर चढू लागला. मागून हाक आली, "लिंबाजी, सावकाश रे! ते याच चालीनं यायचे."

मंडळी, आता चपला शोधायची घाई कराल. करा! पण दाराला कडी घालण्याआधी मागं बघा, कोण यायचं राहिलंय. आणि ज्यांचं कोणीच यायचं राहिलं नाही, त्यांनी थांबा — माझ्यासोबत चला. मीही हल्ली हळूच चालते. घ्या देवीचं नाव. अहो, सावकाश घ्या!